नागपुरात घरी कोळी निघाला तर: ओळख, पकड आणि दंशानंतरचे तास

नागपुरात नव्याने घर घेतलेल्या, भाड्याने राहायला आलेल्या किंवा पहिल्यांदाच खोली करून एकट्याने राहणाऱ्या लोकांसाठी हे लिहिलं आहे. बेसा, हिंगणा, वाडी, कोराडी किंवा गोरेवाड्याकडच्या लेआउटमध्ये शेजारचे दोन-चार प्लॉट रिकामे असतात. त्यांत कमरेएवढं गवत आणि बांधकामाचा उरलेला मलबा असतो. अशा ठिकाणी कोळी घरात येणारच. इथे त्याला मकडी म्हणणारेही बरेच भेटतील.

मुद्दा आधीच सांगून टाकू. कोळ्याजवळ विष असतं, पण इथल्या घरांत दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांचं विष माणसाला काहीही करत नाही. खरं नुकसान दुसऱ्याच कारणाने होतं. रात्री काहीतरी चावतं, चावणारा दिसत नाही, घरचे म्हणतात "मकडी असेल", आणि चार-सहा तास निघून जातात. चावणारा मण्यार साप असेल तर तेवढ्या वेळात माणूस हातचा जातो. म्हणून कोळी ओळखता यायला हवा, आणि तो दिसला नसेल तर त्याचं नाव घ्यायचं नाही, हेही जमायला हवं.

हाताशी ठेवायचं सामान

- रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, तोंड किमान १० सेंटिमीटरचं. काचेची नको, घाईत फुटते.
- जाड, गुळगुळीत पुठ्ठा. जुनी लग्नपत्रिका उत्तम, कारण ती वाकत नाही आणि भिंतीला चिकटून सरकते.
- चांगला टॉर्च. मोबाइलचा चालतो, पण एक हात अडकतो.
- जाड रबरी किंवा चामड्याचे हातमोजे, लांब दांड्याचा झाडू, जुना टूथब्रश.
- साबण, बर्फ, पॅरासिटामॉल, बॉलपेन. बॉलपेन का, ते पुढे येईल.

१. आधी तो कोळीच आहे ना, ते बघा

कोळ्याला आठ पाय आणि शरीराचे दोनच भाग असतात. मिशा नसतात, पंख नसतात. विंचवालाही आठच पाय असतात, पण पुढे नांग्या आणि मागे वर वळलेली, गाठीगाठींची शेपटी असते. घोण म्हणजे बरेच पाय असलेली, चपटी, लांब. ती चावली की आग होते, पण उपचार वेगळा.

नागपूरच्या आसपास मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी, आणि लहान लालसर विंचू हे दोन्ही आढळतात. दिसायला इंगळी भयंकर, पण जीवघेणा असतो तो लहान लाल विंचूच. त्याच्यासमोर घरातला कुठलाही कोळी किरकोळ आहे.

२. घरातले नेहमीचे, ज्यांना हात लावायची गरज नाही

काटकीसारख्या लांबलचक पायांचा, कोपऱ्यात उलटा लटकलेला, हात नेला की जोरजोरात थरथरणारा कोळी जवळपास प्रत्येक घरात असतो. "हा जगातला सर्वांत विषारी, फक्त दात लहान" असा मेसेज याच्यावरच फिरतो. ते खोटं आहे. त्याच्यामुळे होतात ती फक्त जळमटं.

भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा, मोठ्या डोळ्यांनी तुमच्याकडे वळून बघणारा छोटा कोळी जाळं विणत नाही. तो डास आणि माश्या झडप घालून पकडतो. डेंग्यूच्या दिवसांत त्याला घराबाहेर काढणं म्हणजे आपलंच नुकसान.

लोक सर्वांत जास्त घाबरतात ते तळहाताएवढ्या, चपट्या, तपकिरी कोळ्याला. बाथरूममध्ये, दाराच्या मागे किंवा स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीत तो रात्री दिसतो. पाय पसरले की १० ते १२ सेंटिमीटर भरतो आणि खेकड्यासारखा तिरका पळतो. त्याचं मुख्य खाद्य झुरळं. मादी पोटाखाली पांढरट, चपटी, बटणासारखी अंड्यांची पिशवी धरून फिरते. त्या वेळी तिला डिवचलं तर ती चावू शकते. दुखतं, थोडं सुजतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं.

अंगणात रात्री टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरला आणि गवतात हिरवट-पांढरे ठिपके चमकले, तर ते जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे. यांची मादी पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते. तिच्यावर चप्पल मारली की शंभरेक पिल्लं फरशीभर पांगतात. म्हणून मारू नका, बरणी घ्या.

बोरीबाभळीवर किंवा कुंपणाच्या तारेवर मळक्या कापसासारखा गोळा दिसतो. त्यात एकाच वसाहतीतले अनेक छोटे कोळी राहतात. ते घरात येत नाहीत.

३. ज्यांच्यापासून हात लांब ठेवायचा, असे तीन

*पिवळसर पिशवीवाला.* सेंटिमीटरभर लांबीचा, फिकट पिवळा किंवा हिरवट, जबड्याची टोकं मात्र गडद तपकिरी. जाळं विणत नाही. भिंत आणि छत मिळतात तिथे, पडद्याच्या चुणीत किंवा दुमडलेल्या पानात रेशमाची छोटी पिशवी करून दिवसभर आत बसतो. रात्री फिरतो आणि कधी अंथरुणावर पडतो. चावा मधमाशीच्या दंशासारखा झोंबतो, जागा लाल होते, क्वचित वर बारीक फोड येतो. काही दिवसांत बरं होतं.

*तपकिरी विधवा कोळी.* काळ्या विधवा कोळ्याची ही बहीण. महाराष्ट्रात पुण्याकडे तिची नोंद झालेली आहे, आणि कुंड्या, फर्निचर, ट्रकमधला माल यांच्याबरोबर ती कुठेही जाऊ शकते. गोल, करडं-तपकिरी, नक्षीदार पोट, पट्ट्यापट्ट्यांचे पाय, आणि पोटाच्या खालच्या बाजूला डमरूच्या आकाराची नारिंगी खूण. खूण बघायला तिला उलटं करायच्या फंदात पडू नका. जवळच्या अंड्यांच्या गोळ्या बघा: पिवळसर-पांढऱ्या, वाटाण्याहून थोड्या मोठ्या, सगळीकडून टोकं आलेल्या, हुबेहूब गोखरूसारख्या. हीच सर्वांत भरवशाची ओळख. जाळं नीटनेटकं नसतं, वेडंवाकडं असतं आणि काडीने तोडताना चिवट लागतं. जागा जमिनीजवळच्या: कुंडीच्या काठाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीच्या तळाशी, बरेच दिवस उभ्या असलेल्या दुचाकीच्या मडगार्डमध्ये. ती स्वतःहून अंगावर येत नाही. बोट तिच्यावर दाबलं गेलं तरच चावते.

*केसाळ मोठा कोळी, म्हणजे टॅरान्टुला.* जंगलाला लागून असलेल्या लेआउटमध्ये पावसाळ्यात नर मादीच्या शोधात बाहेर पडतात आणि व्हरांड्यापर्यंत येतात. अंगावर केस, जाड पाय. डिवचलं की पुढचे पाय उचलून उभा राहतो. आपल्याकडचे टॅरान्टुला केस उडवत नाहीत, ती सवय अमेरिकेतल्या जातींची. मात्र चावा दुखरा असतो, आणि झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या नक्षीदार जातींच्या चाव्यानंतर स्नायूंत गोळे येणं बरेच दिवस चालू राहू शकतं.

४. कूलर: नागपूरच्या घरातला खास कोपरा

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत खिडकीबाहेर बंद पडून राहिलेला लोखंडी कूलर म्हणजे कोळ्यांना तयार घर. अंधार, आडोसा, आत अडकणारे किडे, वर सुकलेल्या गवताच्या ताट्या. पालही तिथेच असते आणि विंचूही असू शकतो. ऊन तापलं की लोक थेट बटण दाबतात आणि वर्षभराची धूळ, जळमटं, अंड्यांच्या पिशव्या पंख्याच्या झोताने पलंगावर येऊन पडतात. तसं करू नका. क्रम असा ठेवा:

पहिलं काम, प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, कोळ्याने नव्हे. हात ओले असताना आणि पाय ओल्या फरशीवर असताना कूलरच्या पत्र्याला हात लावायचा नाही.

मग हातमोजे घाला, पायात बूट. लांब काठीने तिन्ही ताट्यांवर बाहेरून आठ-दहा वेळा ठोका आणि पाच मिनिटं थांबा. पळणारे पळून जातात. ताटी काढताना बोटं मागे घालून ओढू नका, बाहेरच्या जाळीला वरून धरून उचला. जुनं गवत थेट पोत्यात भरा, घरात आणू नका.

आता टॉर्च. बघायच्या जागा चार: टाकीच्या काठाची आत वळलेली पट्टी, पाण्याच्या फ्लोटमागचा कोपरा, पंपाची वायर जिथून आत येते ते भोक, आणि मोटरच्या स्टँडचा खालचा भाग. गोखरूसारख्या गोळ्या दिसल्या तर टूथब्रशने खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी जाळी ब्रशने काढा, टाकी धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नव्या ताट्या बसवा. खिडकी आणि कूलरमधली फट फोमच्या पट्टीने किंवा थर्माकोलने बुजवा, कारण पावसाळ्यात सगळे त्याच फटीतून आत शिरतात.

हेच सप्टेंबरअखेर उलट्या क्रमाने करा. ताट्या काढून, टाकी वाळवून, वर ताडपत्री घट्ट बांधून ठेवलीत तर मार्चमधलं निम्मं काम वाचतं.

५. कोळी पकडून बाहेर सोडणं

झाडूने झोडपण्यापेक्षा हे सोपं आहे. वेळ लागतो दोन मिनिटं.

कोळी भिंतीवर स्थिर असताना मागच्या बाजूने हळू जा. बरणी सरळ त्याच्यावर ठेवा, तिरकी नको. पायाचं टोक काठाखाली चिरडलं जात असेल तर थोडं सरकवून घ्या. मग पुठ्ठा भिंत आणि बरणी यांच्यामधून इंचाइंचाने सरकवा. कोळी पुठ्ठ्यावर चढेल, चढू द्या. पुठ्ठा तळहाताने दाबून धरत बरणी उलटी करा. घरापासून वीस-पंचवीस पावलं लांब, झाडीत किंवा कुंपणाच्या पलीकडे बरणी आडवी ठेवून पुठ्ठा काढा आणि मागे व्हा.

चूक होते ती छतावरच्या कोळ्याच्या बाबतीत. स्टुलावर चढून बरणी लावायला गेलात की तो खाली टपकतो, तुम्ही दचकता आणि स्टुलावरून पडता. छतावरचा असेल तर झाडूच्या दांड्याने हलकेच ढकलत भिंतीवर उतरवा, मग पकडा.

टॅरान्टुला असेल तर बरणीऐवजी बादली, आणि पुठ्ठ्याऐवजी प्लायचा तुकडा.

६. पुन्हा येऊ नये म्हणून

बाजारातला स्प्रे कोळ्यावर फारसा चालत नाही. झुरळ पोट घासत चालतं, त्यामुळे फरशीवरचं औषध त्याच्या अंगाला लागतं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो. थेट अंगावर मारलेला फवारा लागू पडतो खरा, पण अर्धमेला कोळी छतावरून सुटून खाली पडतो, बऱ्याचदा अंथरुणावर. पैसे खर्चायचेच असतील तर झुरळांच्या जेलवर खर्चा. खाणं संपलं की कोळी आपोआप जातो.

बाकी कामं साधी आहेत. पलंग भिंतीपासून चार बोटं लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, चादर जमिनीला न टेकणारी. दाराच्या तळाला रबरी पट्टी, बाथरूमच्या जाळीला बारीक जाळी. अंगणातला दिवा पिवळसर लावला तर किडे कमी येतात. विटा, जळाऊ लाकूड, संत्र्याच्या रिकाम्या पेट्या यांची रास भिंतीला टेकवून ठेवू नका. व्हरांड्यातले बूट आणि हेल्मेट घालण्याआधी उलटे करून आपटा. ही सवय विंचवासाठी जास्त उपयोगाची.

७. कोळी चावला आणि तो दिसलाही

जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पाच मिनिटं धुवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, असं तासभर करा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल: मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम.

बॉलपेनने सुजेच्या कडेला रेघ काढा आणि शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी पुन्हा बघा. सूज रेघेच्या आत असेल तर चिंता नाही.

दोरी किंवा घट्ट पट्टी बांधायची नाही. ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, वर चुना, लसूण किंवा तंबाखू चोळायचा नाही. जखम त्यानेच चिघळते आणि नंतर डॉक्टरांना मूळ खूणच दिसत नाही. पाच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर एका दिवसाच्या आत घ्या. कोळ्याचा फोटो काढा. तो मेला असेल तर डबीत भरून सोबत न्या, चेंदामेंदा झालेलाही चालतो.

ताबडतोब निघायचं ते पुढची लक्षणं दिसली तर: तासा-दोन तासांत पोट किंवा पाठ लाकडासारखी ताठ होणं, दरदरून घाम, गोळे येणं, सतत उलट्या, श्वासाला त्रास, चेहऱ्यावर सूज. लहान मूल, गरोदर बाई, हृदयरोगी किंवा रक्तदाबाचा माणूस असेल तर लक्षणांची वाट न बघता न्या. विधवा कोळ्याच्या विषाने नसांच्या टोकांतून संदेशवाहक रसायनं एकदम सुटतात, म्हणून स्नायू आखडतात. त्यावर वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं देतात. कोळ्याच्या विषावरचं प्रतिविष भारतात तयार होत नाही. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी आहे. कोळ्यावर ते चालत नाही, म्हणून "तेच द्या" असा डॉक्टरांकडे हट्ट धरू नका.

८. चावणारा दिसलाच नाही

इथे सगळ्यांत सावध राहायचं. "कोळी चावला" म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे दुसरंच काही असू शकतं.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ, घसा दुखणं, उलटी, मग पापण्या जड होणं, गिळता न येणं: ही मण्यार. तिचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखतही नाही. झोपेत काहीतरी टोचल्यासारखं वाटलं एवढंच आठवतं. अशा वेळी सापच आहे असं धरून १०८ ला फोन करा आणि थेट मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानच्या एम्सला न्या. श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर लागतो, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी घोणस-फुरशाचा दंश दाखवते, मण्यारीचा नाही. ती चांगली आली म्हणून घरी परतू नका, चोवीस तास देखरेखीखाली राहा. आणि न दिसलेल्या दंशावर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. घोणस निघाली तर रक्तस्राव वाढतो.

टोचल्याबरोबर प्रचंड कळ, आणि थोड्या वेळात घाम, उलटी, हातपाय गार, छातीत धडधड: लाल विंचू. मुलांमध्ये हे फार झपाट्याने वाढतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. औषध स्वस्त आहे, पण ते वेळेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं.

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा गालावर चटका बसल्यासारखा लांबट लाल पट्टा, दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक पुवाळलेले फोड. लोक म्हणतात "मकडी मुतली". कोळ्याची विष्ठा पांढरट, घट्ट असते, तिने कातडी भाजत नाही. हे काम ट्यूबलाइटकडे येणाऱ्या नारिंगी-काळ्या बारीक भुंग्याचं. तो अंगावर चिरडला की त्याचा रस भाजतो. साबणाने धुवा, खाजवू नका, आणि दिसला तर फुंकरीने उडवा.

तसेच फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे आणि आधी दोन दिवस ठणका लागून आले असतील तर ती नागीण. तिचं औषध पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर खरा फायदा होतो. उतारा करून घेण्यात हाच वेळ जातो.

शेवटचं, आणि नागपूरकरांनी मुळीच विसरू नये असं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ताप, डोकेदुखी, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा छातीखाली न दुखणारी, विडी टेकवल्यासारखी काळी खपली. ही कोळ्याच्या चाव्याची खूण नाही, स्क्रब टायफस आहे. गवतातल्या चिगर माइट या बारीक जीवाची सूक्ष्म पिल्लं चावून तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली होती आणि माणसं दगावली होती. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. खपली लपलेल्या जागी असते आणि संकोचाने कोणी सांगत नाही. तुम्ही स्वतःहून डॉक्टरांना दाखवा.

९. दवाखान्यात जाताना सोबत

आधार कार्ड, रेशन कार्ड, असेल तर आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेचं कार्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, कशाची ॲलर्जी आहे त्याची नोंद, कोळ्याचा फोटो किंवा डबी. कागद सापडत नसतील तर शोधत बसू नका, माणूस आधी पाठवा आणि कागद मागून न्या. एका चिठ्ठीवर तीन गोष्टींची वेळ लिहा: दंशाची, पहिल्या लक्षणाची आणि निघाल्याची. कॅज्युअल्टीत "काय चावलं?" असं विचारतील. दिसलं असेल तरच नाव सांगा. नसेल तर "दिसलं नाही, इतक्या वाजता जमिनीवर झोपलेला असताना" एवढं स्पष्ट सांगा. त्यावरून डॉक्टर आधी साप धरून तपासणी सुरू करतील.